मोठे टायर घेण्यापूर्वी वजनाचा हिशेब कसा मांडावा

सोलापूर परिसरात थार, जिम्नी किंवा गुरखा घेतलेली व्यक्ती पहिला पावसाळा सरला की टायर मोठे करण्याच्या विचाराला लागते. शेतापर्यंतची पाणंद, उसाच्या ट्रॉल्यांनी पाडलेल्या खोल चाकोऱ्या आणि ओल्या काळ्या रानात रुतलेली गाडी पाहिली, की हा विचार गैर म्हणता येत नाही. मात्र दुकानात बोलणे होते ते दिसण्याचे आणि किमतीचे. वजनाची चौकशी क्वचितच होते आणि पुढे गाडी मंद पडली, ॲव्हरेज उतरले, की सगळा दोष ‘टायर जड आहेत’ या एका वाक्यावर टाकला जातो. वस्तुस्थिती अशी आहे की टायर मोठा केल्याने दोन निरनिराळे बदल एकाच वेळी होतात: चाकाचे वजन वाढते आणि चाकाची त्रिज्याही वाढते. चालवताना हे दोन परिणाम एकमेकांत मिसळलेले जाणवतात, पण कागदावर ते वेगळे काढता येतात. तसे काढल्यावर बहुतेक गाड्यांत वजनापेक्षा त्रिज्येचा वाटा मोठा निघतो.

आकार वाचणे आणि व्यास काढणे

टायरच्या बाजूवर २४५/७५ आर १६ असे लिहिलेले असते. त्यातील २४५ म्हणजे टायरची मिलिमीटरमधील रुंदी, ७५ म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या किती टक्के आहे तो आकडा आणि १६ म्हणजे डिस्कचा, अर्थात टायर ज्यावर चढतो त्या धातूच्या चाकाचा, इंचांतील व्यास. रुंदीला टक्केवारीने गुणावे, आलेल्या उंचीची दुप्पट करावी आणि तीत डिस्कचे इंच २५.४ ने गुणून मिळवावेत, म्हणजे चाकाचा बाहेरचा व्यास मिळतो. २४५/७५ आर १६ चा व्यास या रीतीने सुमारे ७७४ मिलिमीटर येतो. थारच्या वरच्या श्रेणीतील २५५/६५ आर १८ चा व्यास ७८९ मिलिमीटर येतो, तर जिम्नीच्या मूळ १९५/८० आर १५ चा ६९३ मिलिमीटर.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. थारच्या या दोन मापांच्या व्यासांत जेमतेम १५ मिलिमीटरचा फरक आहे, पण सोळा इंची चाकावर रबराची भिंत १८४ मिलिमीटर उंच आहे आणि अठरा इंची चाकावर ती १६६ मिलिमीटरच उरते. डिस्क मोठी म्हणजे गाडी अधिक ऑफ-रोड, हा समज त्यामुळे उलटा आहे. दगडावर आदळताना, हवा कमी करून मऊ जमिनीवर जाताना उपयोगी पडते ती रबराची भिंत. मोठी डिस्क केवळ धातूची भर घालते. शेत आणि माळ हेच काम असेल, तर ब्रेकला जागा पुरेल एवढी लहान डिस्क आणि उंच भिंतीचा टायर ही जोडी निवडावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

वजन प्रत्यक्ष तोलून घेणे

टायरच्या माहितीपत्रकात वजन दिलेले असेलच असे नाही आणि दुकानदाराचा अंदाज हा अंदाजच असतो. म्हणून तोलून पाहणे उत्तम. गाडी भुईकाट्यावर नेऊन चाकांतील फरक कळणार नाही, कारण ट्रकसाठी बनवलेले हे काटे पाच किंवा दहा किलोंच्या पटीत वजन दाखवतात. आडत दुकानात कांद्याची गोणी तोलतात तो इलेक्ट्रॉनिक काटा किंवा भंगारवाल्याचा काटा या कामाला योग्य आहे. स्टेपनीचा टायर डिस्कवरून उतरवून दोन्ही वेगवेगळे तोलावेत, मग घेऊ घातलेला नवा टायर डिस्कवर न चढवता तोलावा आणि डिस्क बदलणार असाल तर नवी डिस्कही वेगळी तोलावी.

जुन्या टायरचे वजन नव्याशी ताडताना झिजलेल्या रबराची भर घालावी लागते. सुमारे अडीच मीटर परीघाच्या टायरची नक्षी आठ मिलिमीटर झिजली असेल, तर अडीच ते तीन किलो रबर रस्त्यावर गेलेले असते. न वापरलेली स्टेपनी तोलल्यास ही दुरुस्ती करावी लागत नाही.

तोलल्यावर पहिली आश्चर्याची गोष्ट अशी कळते, की वजन आकारापेक्षा बनावटीवर अधिक अवलंबून आहे. आकाराच्या आधी ‘एलटी’ ही अक्षरे असलेला टायर मालवाहू बनावटीचा असतो. त्यात दोऱ्यांचे थर जाड असतात आणि नक्षी खोल असते. २६५/७५ आर १६ याच मापाचा साध्या बनावटीचा टायर १७-१८ किलोंचा, तर दहा प्लाय दर्जाचा (प्लाय म्हणजे थरांच्या मजबुतीचा आकडा) एलटी टायर २२-२३ किलोंचा असू शकतो. म्हणजे व्यास तसूभरही न वाढवता चार टायरांत वीस किलोंची भर पडू शकते.

हा जाडपणा सोलापुरात वाया जातो असेही नाही. बांधावरची बाभूळ आणि ओढ्याकाठची वेडी बाभूळ यांचे काटे साध्या टायरच्या भिंतीत सहज शिरतात आणि बाजूच्या भिंतीचे पंक्चर नीट निघत नाही. पण बाराशे किलोंच्या जिम्नीला दहा प्लायचा टायर गरजेपेक्षा फारच कडक होतो. गाडीच्या हलक्या भाराखाली तो दबत नाही, जमिनीला पसरून धरत नाही आणि खड्ड्याचा धक्का थेट आत पाठवतो. हलक्या गाडीला सहा प्लाय पुरे झाले. दहा प्लाय त्यांनीच घ्यावा, जे खरोखर सामान भरून दगडांतून जातात.

डिस्कच्या बाबतीत ‘अलॉय म्हणजे हलकी’ हे सूत्र डोळे झाकून मानू नये. ओतीव अलॉयची अठरा इंची डिस्क सोळा इंची पोलादी डिस्कएवढी भरू शकते. घडीव अलॉय खरोखर हलकी असते, पण तिची किंमत पाहून अनेकांचा उत्साह तिथेच संपतो. पोलादी डिस्क दगडावर आपटली तर वाकते आणि हातोड्याने निदान घरी पोहोचण्याइतकी सरळ करता येते. अलॉयला तडा गेला तर तिथे इलाज नसतो. खेड्यापाड्यांतून फिरणाऱ्याने काही किलो जास्त सोसून पोलाद निवडले, तर त्याला कोणी नाव ठेवू नये.

चाकावरचा एक किलो किती किलोंचा असतो

चाकावर वाढलेला एक किलो म्हणजे गाडीत वाढलेले पाच किंवा दहा किलो, असे ठासून सांगणारे बरेच भेटतात. वेग घेण्यापुरते पाहिले तर हे चूक आहे. फिरणाऱ्या चाकाला पुढेही न्यावे लागते आणि गरगर फिरवावेही लागते. सगळे वजन अगदी बाहेरच्या कडेला आहे असे धरले, तरी लागणारी ऊर्जा दुपटीवर जात नाही. डिस्कचे वजन आसाच्या जवळ असल्याने तिच्यासाठी हा गुणक कमी येतो, टायरसाठी तो साधारण पावणेदोन ते १.८ धरता येतो. त्यामुळे हिशेबात वाढलेल्या रबराला १.८ ने गुणावे आणि मागे टांगलेली स्टेपनी फिरत नसल्याने तिचे वजन जसेच्या तसे मिळवावे.

माणसांसह १,९०० किलो भरणारी थार घेऊ. तिचे २४५/७५ आर १६ काढून २६५/७५ आर १६ बसवले आणि प्रत्येक चाक पाच किलोंनी जड झाले, तर जमिनीवरच्या चार चाकांची वाढ ३६ किलोंच्या बरोबरीची ठरते आणि स्टेपनीचे पाच मिळून ४१ किलो होतात, म्हणजे एकूण भाराच्या दोन टक्क्यांपेक्षा किंचित अधिक. आता त्रिज्या पाहू. व्यास ७७४ वरून ८०४ मिलिमीटर झाला. इंजिन आणि गिअर चाकाला तेवढाच पीळ (टॉर्क) देतात, पण तो लांब त्रिज्येतून जमिनीवर पोहोचत असल्याने ढकलणारा जोर ३.७ टक्क्यांनी घटतो. २८५/७० आर १७ बसवले तर व्यास ८३१ मिलिमीटर होतो आणि जोर जवळपास सात टक्क्यांनी उतरतो. प्रत्येक चाकामागे नऊ किलो वाढले असे धरले, तरी वजनाचा वाटा चार टक्क्यांच्या आतच राहतो. तुळजापूरच्या घाटात गिअर आधीच उतरवावा लागतो तो मुख्यतः या त्रिज्येमुळे, आणि कितीही हलकी महागडी डिस्क घेतली तरी हा भाग परत मिळत नाही. त्याचा खरा उपाय क्राउन-पिनियन, म्हणजे ॲक्सलमधील दातेरी चाकांची जोडी, बदलून गिअरचे प्रमाण जुळवणे हा आहे. तो खर्चिक आहे, आणि तो परवडणार नसेल तर व्यास तीन-चार टक्क्यांपेक्षा अधिक वाढवू नये, हा माझ्या मते व्यवहार्य नियम आहे.

ब्रेकलाही हेच गणित लागू पडते. पायाने दिलेला दाब तेवढाच राहिला, तर मोठ्या त्रिज्येच्या चाकाला जमिनीवर मिळणारा रोध त्याच प्रमाणात कमी होतो. शिवाय फिरणारे जास्तीचे वजन थांबवायचे असते. पुणे-हैदराबाद महामार्गावर पुढच्या वाहनापासूनचे अंतर वाढवणे, एवढा बदल तरी चालकाने स्वतःत करावा.

वजनाचा खरा उपद्रव वेगात नसून उड्यांत आहे. चाक, टायर, ब्रेक आणि अखंड ॲक्सल (दोन्ही बाजूंची चाके जोडणारा एकच सलग आस) हे सगळे स्प्रिंगच्या खाली असते, म्हणून खड्ड्यात गेलेले चाक पुन्हा जमिनीला टेकवण्याचे काम शॉक ॲब्सॉर्बरला करावे लागते. जिम्नीत पुढचा आणि मागचा असे दोन्ही ॲक्सल अखंड असल्याने स्प्रिंगखालचे वजन मुळातच जास्त आणि वरची गाडी हलकी असते. तिथे प्रत्येक चाकामागे सहा किलो वाढले, की मुरमाच्या लाटांसारख्या रस्त्यावर चाके जमीन सोडू लागतात. चाक जमिनीवर नसेल तर पकड नाही आणि ब्रेकही नाही. शॉक ॲब्सॉर्बर तापतात, बॉल जॉइंट आणि व्हील बेअरिंग लवकर ढिले होतात. डिस्क चाकाला गाडीच्या बाहेर ढकलणाऱ्या ऑफसेटची असेल, तर बेअरिंगवरचा ताण आणखी वाढतो आणि वळताना टायर मडगार्डला घासतो तो वेगळाच. चाके बाहेर आलेली गाडी रुबाबदार दिसते हे मान्य केले, तरी त्यासाठी बेअरिंग खर्ची घालणे मला पटत नाही.

स्टेपनीचा विचार नेहमी शेवटी होतो, तो आधी व्हायला हवा. थार, जिम्नी आणि गुरखा या तिन्ही गाड्यांत ती मागच्या दाराला टांगलेली असते. आठ किलो जास्तीची स्टेपनी मागच्या आसाच्या एक मीटर मागे असेल, तर २,४५० मिलिमीटर व्हीलबेसच्या तीन-दारी थारमध्ये मागच्या आसावर आठऐवजी सव्वाअकरा किलो येतात आणि पुढच्या आसावरून सव्वातीन किलो उतरतात. आकडा लहान आहे. पण दाराच्या बिजागऱ्यांना तो स्थिर मिळत नाही, प्रत्येक खड्ड्यात कित्येक पटींनी मिळतो. दार उघडताना खाली झुकत असेल किंवा कडीशी जुळत नसेल, तर बिजागऱ्या खेचल्या गेल्या आहेत असे समजावे. जुन्या मापाची स्टेपनी ठेवून पैसे वाचवण्याचा मोहही टाळावा. फोर-बाय-फोर लावल्यावर अशा गाड्यांत पुढचा आणि मागचा शाफ्ट एकत्र बांधला जातो. एका चाकाचा व्यास वेगळा असेल तर पुढच्या-मागच्या शाफ्टना ताकद वाटून देणाऱ्या ट्रान्सफर केसवर ताण येतो, म्हणून अशी स्टेपनी लावून गाडी टू-व्हीलवरच चालवावी लागते. थोडक्यात, खर्च आणि वजन दोन्ही पाच चाकांचे धरावे.

काळ्या मातीत हे आकडे कसे बदलतात

वरचा हिशेब कोरड्या रस्त्याचा आहे. सोलापूरची काळी माती ओली झाली की ती टायरला धरते आणि सोडत नाही, त्यामुळे चाकाचे वजन काट्यावर दिसलेले राहतच नाही. २४५ मिलिमीटर रुंद आणि ७७४ मिलिमीटर व्यासाच्या टायरवर सर्वत्र दोन सेंटिमीटरचा थर बसला, तर ती माती सुमारे बारा लिटर होते, आणि ओली चिकण माती लिटरला पावणेदोन किलोंच्या आसपास भरत असल्याने एका चाकावर वीस किलो चढतात. म्हणजे प्रत्येक टायरवर दुसरा टायर चढवल्यासारखेच झाले. २८५ मिलिमीटर रुंदीच्या मोठ्या टायरवर हाच थर पंचवीस किलोंच्या पुढे जातो. दुकानात दोन किलो वाचवण्यासाठी केलेली घासाघीस येथे निरर्थक ठरते. महत्त्वाचे ठरते ते टायर माती किती उचलतो आणि किती झटकतो हे.

त्यावरून रुंदीचा निर्णय घ्यावा. माळाकडच्या उथळ जमिनीत हात-दीड हात काळ्या मातीखाली मुरूम लागतो. तेथे अरुंद आणि उंच टायर वरचा चिखल कापून मुरमावर टेकतो, कमी माती उचलतो आणि निघून जातो. रुंद टायर त्याच चिखलावर तरंगत घसरतो. भीमा आणि सीनाकाठच्या खोल काळ्या रानाला मात्र असा तळ नसतो. तेथे अरुंद टायर खोल जातो, रुंद टायर कमी हवेवर थोडा तग धरतो आणि शेवटी दोघेही ट्रॅक्टर बोलावतात. अशा रानात वाफसा येईपर्यंत थांबण्याला कोणत्याही मापाचा टायर पर्याय नाही. नक्षी निवडताना मड-टेरेनच्या रुंद खाचा चाक जोरात फिरल्यावर माती फेकतात आणि ऑल-टेरेनच्या जवळजवळच्या ठोकळ्यांत ती भरून बसते, हे खरे. पण वर्षाचे बहुतेक महिने कोरडे असणाऱ्या आणि बहुतांश फिरणे डांबरावर असणाऱ्या जिल्ह्यात जड, आवाज करणारा मड-टेरेन टायर थोड्याच लोकांच्या कामाचा आहे. नान्नज भागातील माळढोक अभयारण्याचे गवताळ माळ सोपे दिसतात, पण तेथे रस्ता सोडून गाडी घालायची नाही, मग टायर कोणताही असो.

मोठा टायर घेण्याचे एक कारण तरीही उरते आणि ते रास्त आहे. अखंड ॲक्सलच्या गाडीत डिफरन्शियल, म्हणजे दोन्ही चाकांना ताकद वाटून देणारी गिअरची पेटी, चाकांच्या मध्ये ॲक्सलवरच असते, त्यामुळे स्प्रिंग उंच केल्याने बॉडी वर जाते, डिफरन्शियल नाही. त्याला जमिनीपासून वर उचलण्याचा मार्ग टायरच्या त्रिज्येतूनच जातो. जिम्नीला २१५/७५ आर १५ लावून पाच मिलिमीटर मिळतात, २३५/७५ आर १५ लावून वीस. उसाच्या चाकोरीत मधला उंचवटा डिफरन्शियलला घासत असेल तर हे वीस मिलिमीटर उपयोगाचे आहेत. त्यासाठी जवळपास साडेपाच टक्के जोर द्यावा लागतो. लो रेंजमध्ये, म्हणजे फोर-बाय-फोरच्या संथ पण जोरदार गिअरमध्ये, तो जाणवत नाही, महामार्गावरच्या पाचव्या गिअरमध्ये जाणवतो. आपली गाडी कोठे अधिक चालते, यावर सौदा ठरवावा. टायर खाली असल्याने त्याचे वजन गाडीला स्थिर करते असे सांगणाऱ्यांनी हेही पाहावे, की त्याच वीस मिलिमीटरने संपूर्ण गाडी वर उचलली गेली आहे.

घेताना आणि बसवल्यावर

टायरवर मापानंतर येणारा लोड इंडेक्स मूळ टायरपेक्षा कमी असू नये. ९६ म्हणजे एका टायरला ७१० किलो, १०० म्हणजे ८०० किलो, १०४ म्हणजे ९०० किलो आणि १०९ म्हणजे १,०३० किलो. जास्तीचे टायर, पोलादी बंपर आणि विंच (रुतलेली गाडी ओढून काढणारे यंत्र) यांचे वजन गाडीच्या ठरलेल्या एकूण भारातूनच वजा होते. तेवढी माणसे किंवा सामान कमी घ्यायचे असते, हे अनेकांच्या गावीही नसते. सगळे सामान लादून गाडी भुईकाट्यावर न्यावी, आधी फक्त पुढची चाके काट्यावर घ्यावीत आणि नंतर पूर्ण गाडी, म्हणजे दोन्ही आसांवरचा भार कळतो. या कामासाठी पाच-दहा किलोंची पट पुरेशी आहे.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार निर्मात्याने ठरवलेल्या तपशिलांपासून दूर जाणारे बदल करण्यास बंदी आहे. आपल्याच मॉडेलच्या वरच्या श्रेणीत कंपनीने दिलेले माप हा म्हणूनच सर्वांत निर्धोक मार्ग आहे. त्यापलीकडे जाणार असाल, तर विमा कंपनीला आधी विचारून लेखी उत्तर घ्यावे.

नवे टायर बसले की स्पीडोमीटर कमी वेग दाखवतो. ७७४ वरून ८३१ मिलिमीटर व्यास झाला असेल, तर काट्यावर ८० दिसत असताना गाडी जुन्या टायरवर ८६ दिसले असते अशा वेगाने धावते. किलोमीटरही त्याच प्रमाणात कमी मोजले जातात. म्हणून बारा दिसणारे ॲव्हरेज प्रत्यक्षात पावणेतेराच्या पुढे असते आणि ही दुरुस्ती केल्याशिवाय इंधनाबद्दल तक्रार करू नये.

दारावरच्या स्टिकरवरील हवा मूळ टायरसाठी आहे. एलटी टायरला तोच भार पेलण्यासाठी थोडी अधिक हवा लागते, त्यामुळे त्या टायरच्या भार-हवा तक्त्यावरून आकडा ठरवावा. चिखलात किंवा ओढ्याच्या वाळूत १८ ते २० पीएसआयपर्यंत उतरायला हरकत नाही, पण डांबरावर येताच हवा भरावी, कारण चाळिशीपार गेलेल्या मे महिन्याच्या उन्हात कमी हवेचा जाड टायर वेगात धावला की तो आतून तापतो आणि जाड रबरातून ती उष्णता लवकर बाहेर पडत नाही. सिगारेट लायटरवर चालणारा लहान कॉम्प्रेसर गाडीत ठेवल्याने ही अडचण मिटते.

बसवल्यानंतर अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग दोन्ही करून घ्यावे. डिस्क बदलली असेल तर पन्नास ते शंभर किलोमीटरनंतर नट पुन्हा ठरलेल्या टॉर्कवर आवळावेत. चिखलातून आल्यावर महामार्गाला लागण्यापूर्वी डिस्कची आतली बाजू पाण्याच्या फवाऱ्याने धुवावी. तेथे एका बाजूला वाळून बसलेल्या काळ्या मातीमुळे स्टिअरिंग थरथरते, आणि त्यासाठी गॅरेजमध्ये पुन्हा बॅलन्सिंगचे पैसे देणारे पुष्कळ आहेत.